आधी आपले घर शोधा

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी माझ्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. चाळीस वर्षे ज्या घराचे केरवारे स्वतःच्या हातांनी केले, त्या घराच्या कोपऱ्यांत साचत जाणारी धूळ खाटेवरून पाहत राहणे नशिबी आले. वसईतले आमचे घर जुने. पुढे ओटा, आत मोझेकच्या लाद्या, माळ्यावर पिढ्यांची अडगळ. राहणारी माणसे मात्र आता दोनच. नोव्हेंबर उजाडला, नाताळ तोंडावर आला आणि पुण्याहून मुलाने फोनवर सांगितले, "आई, हल्ली सफाई मोबाईलवरून मागवता येते. माणसे यंत्रे घेऊन येतात, दिवसभरात घर लख्ख."

मी दोन ठिकाणी चौकशी केली. एका ठिकाणी दर तत्परतेने सांगितला. पण घरी कोण येणार, हे विचारताच "ज्यांची पाळी असेल ते" असे उत्तर मिळाले. दुसरीकडे सगळे पैसे आगाऊ हवे होते. फोन ठेवताना आवाज मात्र फार गोड होता.

तिसरा पत्ता पॅरिशमधील एका भगिनीने दिला. चार-पाच बायकांना बरोबर घेऊन हा व्यवसाय करणारी ती बाई दर सांगण्याआधी स्वतः घर पाहायला आली. वाकून लादीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "ताई, ह्या लाद्यांवर ॲसिड टाकायचे नाही. संगमरवराचे तुकडे आहेत, खाऊन टाकील." न्हाणीघरात शेजारी शेजारी ठेवलेल्या ॲसिडच्या आणि ब्लीचच्या बाटल्या तिने उचलून वेगवेगळ्या ठेवल्या. ही दोन एकत्र झाली की विषारी वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात घासणारीचा जीव घाबरा होतो, हे तिने मला सांगितले. इतकी वर्षे त्या बाटल्या मीच तशा ठेवीत आले होते!

निघताना ती म्हणाली, "माझ्या बायकांची पोलीस पडताळणी झालेली आहे. तरी दागिने कुलपात ठेवा."

हे वाक्य तिने सहज उच्चारले. मला मात्र ते लागले. तीसएक वर्षांपूर्वी आमच्याकडे जवळच्या पाड्यावरची एक बाई धुण्याभांड्याला येत असे. एके दिवशी सासूबाईंची अंगठी दिसेनाशी झाली. मी तिच्यावर आळ घेतला नाही, असे मी कितीतरी दिवस स्वतःला सांगत असे. मी फक्त एवढेच विचारले होते, "मावशी, काल आतल्या खोलीत तुम्हीच गेला होतात ना?" तिने हातातले पातेले खाली ठेवले, पदराला हात पुसले आणि ती निघून गेली. पंधरा दिवसांनी अंगठी शिवणयंत्राच्या खणात दोऱ्याच्या रिळांखाली सापडली. मी तिच्या घरी गेले. तिने मला बसायला पाट दिला, पाणी दिले, मुलांची विचारपूस केली. पण कामावर परत आली नाही.

पडताळणीच्या कागदावरून आपल्याला तिची माहिती कळते. आपली माहिती तिला देणारा कागद कुठल्याच चौकीत मिळत नाही. बेल्जियमहून आलेल्या सिस्टर जीन डेव्होस यांनी १९८५ साली घरकामगारांची राष्ट्रीय चळवळ उभारली. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा व्हायला मात्र २००८ साल उजाडले. आपल्यापैकी कितीजणींनी आपल्या बाईला त्या मंडळात नाव नोंदवायला सांगितले असेल? मी तरी नव्हते सांगितले.

म्हणून मी त्या बाईला पुन्हा आत बोलावले. बायकांना दिवसाचे काय देता, दुपारी जेवायला किती वेळ असतो, हे विचारले. तिने आडपडदा न ठेवता आकडे सांगितले. मग ज्यासाठी तिला थांबवले होते ते विचारले, "कोणाच्या घरी काही हरवले तर?"

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. "दोनदा झालंय. मी घरच्यांना सांगते, आधी तुमचे घर नीट शोधा, मग मला बोलवा. मी येते, समोरासमोर बसून बोलते. पण माझ्या बाईच्या पिशवीला कोणाला हात लावू देत नाही."

काम मी तिलाच दिले. दर तिचा सर्वांत जास्त होता. मुलाने कुरकुर केली.

ठरल्या शनिवारी दोघीजणी आल्या. दुपारी जेवायला मी त्यांना आमच्याच मेजावर बसवले. त्या आधी संकोचल्या, मग सुक्या बोंबलाच्या कालवणाने संकोच घालवला. संध्याकाळी त्यांतली थोरली मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि ओट्याजवळच्या लादीवरचा काळपट डाग दाखवून म्हणाली, "बाई, हा जुना आहे. निघणार नाही. जोर केला तर लादी जाईल. आम्ही हात लावला नाही, म्हणून सांगून जाते."

ईस्टरआधीची तारीख मी त्यांना तेव्हाच देऊन टाकली.