आईचा फोटो

गेल्या दिवाळीत पुतण्याने मोबाइलवर आईचा फोटो काढला. तो पाहून आई म्हणाली, "ह्ये नाक माझं न्हवं." तिचे खरे होते. हातभर अंतरावरून चेहरा टिपला की नाक कानांच्या मानाने फारच जवळ पडते आणि फुगलेले दिसते. कॅमेरा महागाचा असला तरी हे चुकत नाही. मागेच सरावे लागते.

आमचे वडील १९८९ साली गेले. भिंतीवरची त्यांची तसबीर एका लग्नाच्या घोळक्यातून मोठी करून घेतलेली आहे. डोळे कुठले, हे घरच्यांनाच सांगता येते. आई आता ऐंशीच्या पुढे आहे. तिचे तसे होऊ द्यायचे नाही, असे मनात होते.

घरात चुलत्यांचा जुना रशियन झोर्की-४ आहे. हा रेंजफाइंडर कॅमेरा. यात भिंगातून पाहता येत नाही, वरच्या खिडकीतून पाहायचे. तिथे मधोमध एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंगाचे कडे फिरवून त्या एकावर एक आणल्या की अंतर जुळले. नेहमीचे भिंग ५० मिलिमीटरचे. चेहरा मोठा घ्यायचा तर तीन-सव्वातीन फुटांवर जावे लागते, आणि इतक्या जवळ कोणी आले की आई पदर सारखा करून कचेरीत बसल्यासारखी बसते.

म्हणून लांब पल्ल्याचे भिंग घ्यायचे ठरवले. याला बसणारी दोन रशियन भिंगे नजरेसमोर होती : ८५ चे ज्युपिटर-९ आणि १३५ चे ज्युपिटर-११. दुसरे स्वस्त मिळत होते, मोह झाला. पण आई ओटीवर शेंगा फोडत बसली असताना मी दोरीने अंतर मोजले. डोके-खांदे घ्यायला १३५ ला आठ फूट लागतात, म्हणजे मी खाली अंगणात. आईला कमी ऐकू येते. तिथून ओरडावे लागते, आणि ओरडले की तिचा चेहराच बदलतो. ८५ ला पाच फूट पुरतात. पाच फुटांवरून गाईच्या वेताची गोष्ट चालू ठेवता येते.

८५ घेतले. जुनेच, बॅटरीच्या उजेडात आतल्या काचेवर बुरशीचे धागे नाहीत, एवढे पाहून. एका शेळीचे पैसे गेले. (हे घरात फक्त बायकोला ठाऊक आहे.) कॅमेऱ्याची खिडकी ५० चेच चित्र दाखवते, म्हणून वरच्या खाचेत ८५ ची वेगळी खिडकी बसवावी लागली.

पहिल्या रिळात फजिती झाली. खिडकी भिंगाहून उंचावर, त्यामुळे जवळून काढताना डोक्यावरचा पदरच कापला गेला. आता वर चार बोटे जागा सोडतो. शिवाय हौसेने भिंग पूर्ण उघडे, एफ-२ वर ठेवले होते. पाच फुटांवर तेव्हा जेमतेम साडेतीन-चार सेंटिमीटर खोली स्पष्ट येते. नाक उमटले, डोळे पुसट! एफ-४ वर आणले की ही खोली दुप्पट होते. प्रतिमा मी तिच्या चष्म्याच्या कडेवर जुळवतो.

दुसऱ्या रिळातला एक फोटो साधला. आईने तो दारातल्या उन्हात धरून बराच वेळ पाहिला. "माझ्या आयवानी दिसत्येय की रं," म्हणाली. मी चौकटीचा विषय काढला.

"भिंतीला आत्ताच लावू नगंस," म्हणत तिने तो उचलला आणि ट्रंकेत लुगड्यांच्या घडीखाली ठेवून दिला.