सोमवारचा फिटनेस

दिल्लीत शिक्षक आजारी पडत नाहीत, 'मेडिकल लावतात'. 'मॅडम मेडिकल पर हैं' असं कुणी म्हटलं की स्टाफरूममध्ये एक बारीक हसू फिरतं. लग्नसराईत आणि पेपर तपासणीच्या दिवसांत हे मेडिकल साथीसारखं पसरतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मीही त्या हसण्यात सामील असायची. 2023 च्या ऑक्टोबरात मला डेंग्यू झाला, तेव्हा ते हसू माझ्या नावानं फिरलं असणार.

2 ऑक्टोबरला सोमवार होता, गांधी जयंतीची सुट्टी. संध्याकाळी अंगात कणकण आली, रात्री ताप 103 वर गेला. डोळ्यांच्या मागून कुणीतरी अंगठे दाबतंय असं वाटत होतं. पहाटे मुख्याध्यापिकांना व्हॉट्सअ‍ॅपवर 'सीएल', म्हणजे किरकोळ रजा, कळवली आणि पडून राहिले. आम्हा सरकारी शाळेतल्या शिक्षकांना वर्षाला सीएल आठ. माझ्या दोनच उरल्या होत्या, त्या मंगळवार-बुधवारी खर्ची पडल्या असं मी धरून चालले. मंगळवारी गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं, बुधवारी डेंग्यूची एनएस-1 चाचणी पॉझिटिव्ह आली.

गुरुवारी सकाळी शाळेतल्या बाबूंचा फोन. "मॅडम, सीएल के साथ मेडिकल नहीं जुड़ेगा." किरकोळ रजेला दुसरी रजा जोडता येत नाही, हे मी वीस वर्षांत कधीतरी ऐकलेलं, तापात कुठलं आठवायला. म्हणजे आता मंगळवारपासूनच मेडिकल लावायचं. आणि त्यासाठी गल्लीतल्या डॉक्टरांची चिठ्ठी चालणार नव्हती, सरकारी डॉक्टरांचं ठरलेल्या नमुन्यातलं सर्टिफिकेट हवं होतं.

तो नमुना एकदा नीट बघण्यासारखा आहे. सगळ्यात वर आजारी कर्मचाऱ्याची सही. खाली डॉक्टर लिहून देतात की, वर जिची सही आहे तिला मी स्वतः काळजीपूर्वक तपासलं, तिला अमुक आजार आहे आणि तब्येत सुधारण्यासाठी अमुक तारखेपासून इतके दिवस कामावर न जाणं अत्यंत आवश्यक आहे. घराबाहेर पडू नका, असं सांगणारा कागद मिळवायला घराबाहेर पडावंच लागतं. नवऱ्यानं मला ई-रिक्षात घातलं. सरकारी डिस्पेन्सरीच्या बाकावर पाऊण तास भिंतीला डोकं टेकून बसले. सही करताना हात इतका कापत होता की ही सही सर्व्हिस बुकातल्या सहीशी जुळेल का, याचीच धास्ती.

डॉक्टरबाई भल्या होत्या, पण नियमाच्या पक्क्या. "मैंने आपको आज देखा है, परसों से कैसे लिख दूँ?" त्यांचं काही चुकत नव्हतं. नवऱ्यानं पिशवीतून मंगळवारची ती गल्लीतली चिठ्ठी आणि लॅबचा रिपोर्ट काढला. बाईंनी दोन्हीवरच्या तारखा चष्मा वर करून वाचल्या आणि 3 ऑक्टोबरपासून लिहून दिलं. शाळेत न चालणारी चिठ्ठी इथं चालली.

आता हिशोब. आम्हाला केंद्राचे 1972 चे रजा नियम लागू. वर्षाला वीस अर्धपगारी रजा. त्यातल्या दहा 1 जानेवारीला जमा होतात, दहा 1 जुलैला. आजारपणात पूर्ण पगार हवा तर त्या 'कम्यूट' करायच्या, म्हणजे एका दिवसाला दोन कापल्या जातात. थोडक्यात, पूर्ण पगारावर आजारी पडायला वर्षाला दहाच दिवस. साताऱ्याला शिक्षिका असलेली माझी बहीण त्याला 'परिवर्तित रजा' म्हणते. नाव भारदस्त आहे, कात्री तीच.

तरी आमचं बरं. आमच्या सोसायटीतली एक मैत्रीण नोएडातल्या खासगी शाळेत शिकवते. तिचा टायफॉइडमध्ये सरळ पगार कापला. यमुनेच्या अलीकडे, दिल्लीत असती तर 1973 च्या दिल्ली शालेय शिक्षण नियमांतला 111 वा नियम तिला दाखवता आला असता: मान्यताप्राप्त खासगी शाळेतल्या कर्मचाऱ्यालाही सरकारी शाळेतल्या त्याच दर्जाच्या कर्मचाऱ्याइतकीच रजा. दाखवून किती उपयोग झाला असता, ते वेगळं.

शुक्रवारी, 13 तारखेला, पुन्हा डिस्पेन्सरीत गेले. ताप जाऊन पाच दिवस झाले होते, प्लेटलेट्स चढल्या होत्या. बाईंनी विचारलं, आजच फिटनेस लिहून देऊ का? फिटनेसशिवाय हजर होता येत नाही. पण पुढे दुसरा शनिवार, मग रविवार; शाळा सोमवारी. मला वाटलं, कामावर जायच्या दिवशीचाच ताजा कागद बरा. म्हटलं, सोमवारी येते.

सोमवारी गेले तर बाई म्हणाल्या, मूळ सर्टिफिकेट दाखवा. फिटनेसच्या नमुन्यात तसं लिहिलेलंच आहे: मूळ सर्टिफिकेट किंवा त्याची प्रमाणित प्रत पाहून मगच हे देत आहे. माझं मूळ सर्टिफिकेट शाळेच्या फायलीत. नवरा तिथून प्रमाणित प्रत घेऊन येईपर्यंत साडेदहा वाजले. अकरानंतर मी शाळेत सही केली. मुलींनी फळ्यावर 'वेलकम बॅक' लिहून ठेवलं होतं, त्यातला 'एल' खाल्लेला.

डिसेंबरात सर्व्हिस बुक पाहिलं. माझ्या हिशोबानं 3 ते 13 असे अकरा दिवस, म्हणून बावीस रजा जायला हव्यात. नोंद होती सव्वीसची. बाबूंनी शांतपणे नियम 22 काढून बोट ठेवलं. ज्या दिवशी डॉक्टर 'फिट' लिहितात, त्यानंतरच्या सुट्ट्या माफ; त्याआधीच्या सुट्ट्या आजारपणात धरायच्या. शुक्रवारची तारीख असती तर शनिवार-रविवार माझे होते. सोमवारची तारीख पडली, म्हणून त्या दोन दिवसांतही मी कागदावर आजारीच होते. प्रत्यक्षात त्या रविवारी मी पुरणपोळ्या केल्या होत्या.

बाबूंवर राग काढण्यात अर्थ नव्हता. नियम जिन्याखालच्या कपाटात सगळ्यांसाठी ठेवलेला होता आणि मी तो कधी उघडला नव्हता. तुम्ही शिक्षक असाल आणि बरं वाटायला लागलं असेल, तर फिटनेस शुक्रवारीच घ्या. मूळ सर्टिफिकेट शाळेत देण्याआधी त्याची प्रत प्रमाणित करून घरी ठेवा. आणि गल्लीतल्या डॉक्टरांची चिठ्ठी फेकू नका.