शेवटचं प्रूफ

कवितासंग्रह स्वतःच काढतोय म्हटलं की समोरचा हळूच विचारतो, "का, प्रकाशक भेटला नाही?" पैशाचंच म्हणाल तर कित्येक ठिकाणी प्रकाशकही ते कवीकडूनच घेतात. मला शेवटचं प्रूफ माझ्या हातात हवं होतं, म्हणून मी स्वतः प्रकाशक झालो.

पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीबोलीत ळ नाही, ण नाही. डोळ्याला आरमोरीत डोरा म्हणतात. माझ्या एका कवितेत 'डोरा' आणि 'कोरा' असं यमक होतं. नागपूरच्या डीटीपीवाल्या पोरानं मोठ्या आस्थेनं सगळीकडे 'डोळा' करून ठेवलं. प्रमाण मराठीच्या हिशेबानं ती दुरुस्तीच, पण यमक गेलं आणि कवितेत बोलणारी बाईही गेली. मग मी त्याच्या शेजारी खुर्ची टाकली आणि कविता मोठ्यानं वाचून दाखवली. तेव्हापासून तो अडला की विचारायचा, "सर, हे असंच ठेवायचं ना?" डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा अभ्यास मांडला, झाडीबोली साहित्य मंडळानं माणसांना या बोलीत लिहितं केलं. एवढं होऊनही ती बोली प्रुफात पुसली जाणार असेल, तर कवीनं तिथं बसायलाच हवं.

ओळींचंही तसंच. डेमी आकाराच्या पानावर लांब ओळ मावत नाही. उरलेला एखादा शब्द खाली घसरतो आणि वाचणाऱ्याला ती नवी ओळ वाटते. टाइप अर्ध्या पॉइंटानं कमी करायचा, की घसरलेला शब्द आत सरकवून छापायचा, हे कविता ज्याच्या कानात आहे त्यानंच ठरवावं. अरुण कोलटकर पेशानं जाहिरातीतले चित्रकार. त्यांची 'जेजुरी' ही कवितांची वही १९७६ साली निघाली ती क्लिअरिंग हाउस या प्रकाशन संस्थेकडून, आणि ती संस्था कोलटकरांसह चार कवींनी मिळून उभी केलेली. पुस्तकाचं रूप हाही कवीच्याच कामाचा भाग आहे, असं मानणारी ती माणसं होती. उलट केशवसुत १९०५ साली गेले आणि त्यांच्या कवितांचं पुस्तक हरि नारायण आपट्यांनी काढलं ते १९१७ साली. आपट्यांचे उपकार मोठेच. पण आपलं पुस्तक हातात घेणं केशवसुतांच्या वाट्याला आलं नाही, याची मला फार हळहळ वाटते.

आता छपाईचा हिशेब. ऑफसेटवर सोळा पानांचा फॉर्म. सहा फॉर्म म्हणजे ९६ पानं. माझा मजकूर त्याच्या थोडा पुढे जात होता. फॉर्म वाढवण्याऐवजी मी कविता काढल्या, आणि कोणत्या कविता केवळ माया म्हणून ठेवल्या होत्या ते तेव्हाच कळलं. मोजक्याच प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई परवडते, तिथं प्लेटचा खर्च नसतो. आयएसबीएन राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नयेत. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते. ती नक्की पाठवावी.

विक्रीचं मात्र कुणी शिकवत नाही. प्रकाशन समारंभात शाल, श्रीफळ आणि 'सप्रेम भेट' लिहून वाटलेल्या प्रती, एवढ्यावर आपल्याकडे संग्रह संपतो. मला ते पटत नाही. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते आणि रात्री नाटक असतं. धान कापून आलेला माणूस तिकीट काढून पहाटेपर्यंत बसतो. शब्दांसाठी पैसे मोजायची सवय आमच्या या झाडीपट्टीला आहे. म्हणून मी मंडईत बसतो, मागणाऱ्याला एक कविता वाचून दाखवतो आणि छापलेली किंमत सांगतो. घासाघीस झाली तर दहा-वीस रुपये सोडतो, पण पुस्तक फुकट देत नाही, सोयऱ्यांनाही नाही.