बंद हंगामांतील जलप्रवास

हंगाम हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. नगर तालुक्यांतील आमच्या हिवरे बाजारास पाऊस हाच हंगाम. मुंबईच्या धक्क्यावर मात्र पाऊस लागला कीं हंगाम संपला म्हणतात.

आषाढांत बोटीनें मांडव्यास जाण्याचा बेत मीं बोलून दाखवितांच घरच्या मंडळींनीं मला वेड्यांत काढलें. जावयाचें तर दिवाळीनंतर जावें, हा त्यांचा सल्ला. परंतु ज्याच्या गांवीं पडलेला पाऊस मोजून, ग्रामसभेंत पाण्याचा ताळेबंद मांडून, मगच पिकें ठरवितात, त्याला इतकें पाणी एकदां डोळे भरून पाहावेंसें वाटलें, तर नवल तें काय?

गेटवेवरून मांडव्यास जाणाऱ्या लाँची पावसाळ्यांत बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून मोटारी पोटांत घालून नेणारी बोट मार्च २०२० पासून सुरू झाली. ती तेवढी हवामान पाहून सुटते. तासाभराची वाट. हवा खावयास निघालेले हौशी लोक बोटीवर नव्हतेच. होते ते सारे कामाचे प्रवासी. समुद्र गढूळ, आभाळ खालीं उतरलेलें आणि कांचांवर सरींचे फटकारे. एका खलाशानें विचारलें, "काका, तुमच्याकडे पाऊस कसा?"

"अजून वाट पाहतों आहोंत," मी म्हणालों.

"मग इथला न्या थोडा!" तो हंसला. मला हंसूं आलें नाहीं.

मांडव्याहून पुढें रेवस आहे. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून तिकडे निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेंच्या वर माणसें गेलीं. तोही असाच पावसाळा होता. थेंबाथेंबासाठीं आसुसलेला मुलूख माझा. पण पाणी उदंड झालें म्हणजेही जीव घेतें, हें त्या लाटांकडे पाहतां मनांत ठसलें. लाँची बंद कां ठेवतात, हें मग कोणास विचारावें लागलें नाहीं.

किनाऱ्यावर जून-जुलैंत यांत्रिक होड्यांच्या मासेमारीसही बंदी असते. माशांच्या विणीचा तो काळ. आमच्याकडे ऊस लावावयाचा नाहीं, शेतीसाठीं विंधनविहीर घ्यावयाची नाहीं, असा गांवाचा निर्बंध आहे. एकीकडे पाणी अपार, दुसरीकडे दुर्मिळ. पण पाण्यावर जगणाऱ्यास हात कधीं आवरावा हें दोहींकडे कळावेंच लागतें. हंगामांत येणाऱ्या प्रवाशास समुद्राचें औदार्य दिसतें. त्या औदार्यामागचा उपास पाहावयाचा तर बंद हंगामांतच यावें. नारळी पौर्णिमेस नारळ वाहून कोळी होड्या लोटतात, तेव्हां जाळ्यांत येतें तें या उपासाचेंच फळ. आणि आमच्या विहिरींत चैत्रापर्यंत उरतें तेंही.