पायातली चप्पल

चप्पल हरवणे ही देवळाच्या दाराशी घडणारी गोष्ट आहे, असा माझा वर्षानुवर्षांचा समज होता. आत भजन रंगलेले असावे, आपण डोळे मिटून बसलेले असावे आणि बाहेर कुणी तरी आपली नवी जोडी पायात घालून निघून जावे, हाच चप्पल हरवण्याचा राजमान्य प्रकार. पण भर रस्त्यात, चालता चालता, स्वतःच्याच पायातली चप्पल हरवण्याचा मान आमच्या फुलचुरात बहुधा मलाच मिळाला असावा. शाळेतून घरी येत होते. मागून एक विद्यार्थी धावत आला. "बाई, तुमची चप्पल!" मी खाली पाहिले, तो उजवा पाय अनवाणी! रस्त्यावरची खडी त्याला टोचत असणारच. पण त्याने मला काही कळवलेच नव्हते.

"विसरभोळी झाले रे!" असे म्हणून मी हसले. ते हसू घरी पोचेपर्यंत टिकले नाही.

कारण काही दिवसांपासून पायांचे लक्षण ठीक नव्हते. तळव्याखाली कुणी कापूस अंथरला आहे असे वाटे. पोटरीला घट्ट पट्टा आवळल्याचा भास होई. रात्री मुंग्या येत, आणि गार फरशी कधी कधी चक्क चटका देई. वह्या तपासायला मान खाली घातली, की पाठीतून थेट पायांपर्यंत वीज चमकून जाई. एका डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून टॉनिक दिले. मी ते निमूटपणे घेतले. कारण मला खरी भीती दुसरीच होती.

आमच्या झाडीपट्टीत बधिर तळवा म्हटला, की मनात एकच शब्द येतो : कुष्ठरोग. बाबा आमट्यांनी वरोऱ्याला आनंदवन उभारले, त्याला पिढ्या लोटल्या. हा रोग औषधाने बरा होतो, सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते, हे मीच वर्गात शिकवत आले. पण स्वतःचा तळवा मुका झाला, तेव्हा सारे शिकवणे विसरले आणि पाय पातळाखाली झाकून घेऊ लागले.

अशातच दिवाळी आली. नरकचतुर्दशीच्या पहाटे न्हाणीघरात उभी राहिले, कढत पाण्याचा तांब्या डोक्यावर ओतला, डोळे मिटले, आणि पायाखालची जमीन खरोखरीच नाहीशी झाली. पडले. आवाज ऐकून सासूबाई धावत आल्या. त्यांनी मला पाटावर बसवले, तेलाची वाटी घेतली आणि माझा उजवा पाय मांडीवर घेतला. तळव्याला खडीने कापल्याची जखम होती. ती मला ठाऊकच नव्हती. त्यांनी तिच्या कडेने अंगठा दाबून पाहिला.

"काहून वो, तुले लागत नाही का?"

मला रडू फुटले. मनातला तो शब्द मी त्यांच्यापुढे बोलून टाकला. आता त्या पाय खाली ठेवतील, असे वाटले. त्यांनी ठेवला नाही. तेल चोळीत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊबीज होऊ दे. मंग नागपूरले जाऊ."

नागपूरच्या डॉक्टरांनी घोट्याच्या हाडावर नादकाटा टेकवला. त्याचे कंपन मला कळले नाही. डोळे मिटायला सांगून पायाचा अंगठा वर-खाली केला. तो कुठे आहे, हे मला सांगता आले नाही. पुढे एम.आर.आय. झाले आणि नाव कळले : मल्टिपल स्क्लेरोसिस. कुष्ठरोगाचे जंतू हातापायांच्या नसांना धरतात. इथे बिघाड मेंदूत आणि मज्जारज्जूत. विजेच्या तारेवर वेष्टन असावे तसे तिथल्या मज्जातंतूंवर आवरण असते. शरीराचे रक्षण करणारी शिबंदीच चुकून त्यावर चाल करते. मग पायाचा निरोप वाटेत अडखळतो, किंवा भलताच होऊन पोचतो. तोल सांभाळायला डोळे, कान आणि पाय असे तिघे लागतात. पाय गप्प असताना मी डोळेही मिटले, म्हणून पडले. शिवाय उष्णतेने हे निरोप आणखी मंदावतात. कढत पाण्याने नेमके तेच केले होते!

पॅरिसच्या शार्को यांनी १८६८ साली या रोगाचे सविस्तर वर्णन केले. मान वाकवताच चमकणाऱ्या विजेला १९२४ पासून लेर्मित या फ्रेंच डॉक्टरांचे नाव आहे. माझ्या विजेलाही नाव आहे, हे ऐकून उगाचच धीर आला. मुंबईत १९८५ पासून या रुग्णांची संस्था आहे, आणि २०१६ च्या अपंगहक्क कायद्यात या रोगाचा समावेश झाला आहे. तो बहुधा ऐन विशी-चाळिशीत गाठतो, पुरुषांपेक्षा बायकांना अधिक. मुळासकट तो जात नाही. पण झटके कमी करणारी औषधे निघाली आहेत. मी ती घेते.

आता माझ्या चपलेला मागून पट्टा आहे. रोज रात्री तळवे आरशात पाहते. पणत्या उंबऱ्यावर न ठेवता खिडकीत ठेवते. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर मात्र काठी घेऊनही पाऊल जपून पडते. सासूबाईंनी उभा जन्म रोवणी केली. चिखलात घट्ट जमीन कुठे आहे, ते त्यांच्या पायांना न पाहता कळे. "तुह्या पायाले नाही कळत, तं डोळ्यानं इचार," असे त्या मला सांगतात.

यंदाही पहाटे त्या माझ्याआधी उठतील. न्हाणीघरात स्टूल मांडतील. बंबातले पाणी काढून त्यात विसण घालतील, हात बुडवून पाहतील, आणखी थोडे घालतील. मग दारातून हाक मारतील. पाणी किती गरम आहे, हे मी त्यांना विचारणार नाही.