पाहुण्या झाडाची प्रतबंदी

हिरव्यागार झुडपाच्या शेंड्यावर चारदोनच पाने शुभ्र पांढरी असावीत, आणि ती रोगाने वा उन्हाने फिकटलेली नसून उपजतच तशी असावीत, हे निसर्गाच्या शिस्तीत बसणारे मला वाटेना. सावंतवाडीकडच्या एका स्नेह्यांनी पुण्यास पाठविलेले हे झुडूप ऐन श्रावणात आमच्या अंगणात दाखल झाले, तेव्हा त्याच्यासोबत नाव नव्हते. ‘आमच्या गडग्याला असते, बरे दिसते’ एवढीच काय ती शिफारस होती.

अनोळखी झाडापुढे उभे राहिले की माणसे प्रथम फूल शोधतात. मला फुलांचा तितकासा भरवसा वाटत नाही. ती ऋतूपुरती येतात, आणि हौशी बागवान त्यांचे रंगरूप हवे तसे बदलून टाकतात. झाडाचा खरा दाखला पाने खोडाला जिथे जोडली जातात तिथे असतो. या झुडपाची पाने समोरासमोर होती, आणि दोन देठांच्या मधल्या जागेत, खोडाला चिकटून, टोकाशी दुभंगलेले एक इवलेसे उपपर्ण होते. एवढ्या खुणेवर कुळ निश्चित झाले: मंजिष्ठेचे, कॉफी, सिंकोना, कदंब आणि अनंत ज्या वंशावळीत येतात तेच. पांढरे दिसत होते ते पान नव्हतेच. नारिंगी, नळीसारख्या लहानग्या फुलाच्या पाच निदलांपैकी एकाने आपली पायरी सोडून पर्णाचा थाट मांडला होता. कोकणात या झुडपाला भूतकेस म्हणतात. थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथात, जो १९०१ पासून भागाभागाने छापला गेला, या गोत्राची रीतसर नोंद आहे. कुक पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य आणि पेशाने अभियंते. त्यांच्या वर्णनांतला मोजमापाचा काटेकोरपणा मला कित्येक काव्यमय वृक्षवर्णनांहून अधिक सुंदर वाटतो.

पण नाव कळले म्हणजे झाड नांदले असे होत नाही. नांदणे जमिनीवर ठरते, आणि जमिनीची पारख करावी ती मुलकी खात्याने. माझे एक चुलत आजोबा प्रतबंदीच्या, म्हणजे साऱ्यासाठी जमिनीच्या प्रती ठरविण्याच्या, कामावर कारकून होते, आणि वार्धक्यात दृष्टी मंदावल्यावरही मातीचे ढेकूळ बोटांत चुरडून तिची प्रत सांगत. विंगेट आणि गोल्डस्मिड या साहेबांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात ज्या पाहणीचा पाया घातला आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने जिचे नियम कायम झाले, तिच्यात जमिनीच्या नऊ प्रती होत्या. पावणेदोन हात खोलीची उत्तम काळी १६ आणे, आणि तिथून उतरत उतरत उथळ बरड २ आण्यांवर. याखेरीज दोषांची स्वतंत्र चिन्हे असत: रेतीची मिसळ, उतार, पाण्याचा लोंढा, आणि चुनखडीचे खडे; दोष आढळला की जमीन एक प्रत खाली. आजोबा या चिन्हांविषयी बोलू लागले की वाटे, हा मनुष्य सारा ठरवीत नसून एखाद्या विधवेची गाऱ्हाणी ऐकून घेत आहे. चुनखडीवर त्यांचा विशेष रोष होता. ‘काळी दिसते म्हणून भुलू नये,’ ते म्हणत, ‘पोटात चुना घेऊन बसलेली असते.’ जेवायला बसताना पानातले लिंबू उचलून, अंगणातल्या चिमूटभर मातीवर पिळून, उठणारा फेस आम्हा पोरांना दाखविण्यात त्यांना जो आनंद होई, तो त्यांना पेन्शनीच्या दिवशीही होत नसे. आजीच्या लिंबांचा हिशेब मात्र त्यामुळे कधी जुळला नाही.

तीच परीक्षा आमच्या अंगणाच्या मातीवर केली, आणि ती फसफसली. भूतकेसाचे माहेर जांभ्यावरच्या, पावसाने धुऊन आम्ल झालेल्या तांबड्या मातीत. तिथे लोह मुळांना सहज लाभते. चुन्याच्या जमिनीत लोह असते, पण ते विरघळत नाही, आणि मग कोवळी पाने शिरा तेवढ्या हिरव्या राखून पिवळी पडतात; अनंताची अशी दशा या शहरात कोणत्याही गल्लीत पाहावी. हिराकस घातल्याने चार दिवस तरतरी येते, पुढे चुना त्यालाही जखडून टाकतो. शिवाय काळी माती पावसात पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळे तोडते, हा दुसरा जाच.

तेव्हा माझा निवाडा असा: ज्यांच्या दारी तांबडी, निचऱ्याची जमीन आहे, त्यांनी भूतकेस खुशाल कुंपणाला लावावे. घाटावरच्या चुनखड काळीत ते जमिनीत लावूच नये. हौस दांडगी असेल तर मोठ्या कुंडीत, तांबडी माती आणि पालापाचोळ्याचे खत घालून ठेवावे. ज्याला इतकी सरबराई नको त्याने कण्हेर लावावी; ती चुन्याला भीत नाही.