ओसरी पाहुण्यांची, माजघर घरच्यांचे

वाचकहो, वाईहून पसरणीचा घाट चढून एस.टी. पाचगणीला पोचली, की हवाच पालटते. कृष्णाकाठची ऊब खाली राहते आणि अंगावर शाल घ्यावीशी वाटते. तिथून महाबळेश्वरच्या रस्त्याने थोडे पुढे गेले, की भिलार हे गाव येते. तांबडी माती, गादीवाफ्यांवर अंथरलेला मल्चिंगचा कागद आणि त्यातून डोकावणारी लालबुंद स्ट्रॉबेरी. महाबळेश्वरच्या या फळाला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे तुम्हांपैकी अनेकांना ठाऊक असेलच.

पण भिलारची आणखी एक ओळख आहे. ४ मे २०१७ रोजी हे गाव ‘पुस्तकांचे गाव’ झाले. इंग्लंडशेजारच्या वेल्समध्ये हे-ऑन-वाय नावाचे पुस्तकांचे गाव आहे, त्यावरून ही कल्पना सुचली. सुरुवातीला सुमारे पंचवीस ठिकाणी पंधरा हजारांच्या आसपास मराठी पुस्तके मांडली गेली. गावकऱ्यांनी आपल्या घराची बाहेरची खोली पुस्तकांना दिली. कुठे कादंबऱ्या, कुठे संतसाहित्य, कुठे इतिहास, कुठे बालसाहित्य. कोणीही यावे, बसावे, फुकट वाचावे आणि जावे.

जानेवारीत मी अशाच एका घरी दोन दिवस मुक्कामाला होतो. समोरच्या खोलीत पुस्तके, मागे पाहुण्यांसाठी दोन खोल्या आणि त्यामागे घरच्यांचा संसार. घरात पाऊल टाकले, तेव्हा मोबाइलला रेंज नव्हती आणि मला घरी खुशाली कळवायची होती. ओसरीवर आजी शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांना विचारले, “आजी, वायफायचा पासवर्ड काय हो?”

आजी हसल्या. “बाबा, ती विंग्रजी अक्षरं मला वाचता येत न्हाईत. त्या भिंतीवरच्या चौकटीसमोर फोन धरा, झालं.”

भिंतीवर, पुस्तकांच्या कपाटाशेजारी, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन लावला होता. वर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, ‘पाहुण्यांसाठी वायफाय’. फोनचा कॅमेरा त्यावर धरला, पडद्यावर नेटवर्कचे नाव आले, त्यावर बोट टेकवले आणि काम झाले. आजींच्या शेंगा सोलणे थांबलेसुद्धा नाही.

रात्री जेवताना सूनबाईंनी या चौकोनामागची हकिगत सांगितली. पूर्वी पासवर्ड एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवलेला होता. स्ट्रॉबेरीची तोडणी सकाळच्या गारव्यातच उरकावी लागते. फळ नाजूक, ऊन चढले की मऊ पडते. नेमक्या त्याच वेळी पाहुण्यांचे फोन यायचे. “हा मोठा आय आहे की छोटा एल? हे शून्य की ओ?” हातात फळ, समोर भरायच्या डब्या आणि कानाला फोन! रोजचीच ही कटकट होती.

एवढ्यावर निभावले असते तर ठीक. पण तो कागद सगळ्यांनी वाचलेला. पाहुण्यांनी गाडीच्या चालकाला सांगितला, चालकाने चहाच्या टपरीवर सांगितला. एका हंगामात थोरल्या मुलाचा महाविद्यालयाच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा होता, शेवटची तारीख होती. संध्याकाळी घर पाहुण्यांनी भरलेले, जो तो सिनेमा पाहतोय, आणि अर्जाचे पान काही पुढे सरकेना. रात्री अकरा वाजून गेल्यावर, पाहुणे झोपल्यावर, कसाबसा अर्ज गेला. “त्या चार तासांत माझ्या पोटात नुसता गोळा आला होता,” सूनबाई म्हणाल्या. वर पुढे कळले, की घरच्या संगणकातली हिशेबाची फाइलही त्याच नेटवर्कवर सगळ्यांना उघडी होती.

मग त्याच मुलाने तोडगा काढला. त्याने आईला विचारले, “आपण पाहुण्यांना ओसरीवर बसवतो, पुस्तकं ओसरीवर देतो. माजघराची किल्ली त्यांना देतो का?”

वाचकहो, सारे मर्म या एका प्रश्नात आहे. ज्या घरी पाहुणे उतरतात, कृषी पर्यटन चालते, खानावळ आहे, त्या प्रत्येक घराने ते ध्यानात ठेवावे.

बहुतेक नव्या राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ नावाची सोय असते. ती सुरू केली, की एकाच तारेवर दोन वेगळे दरवाजे होतात. एक घरच्यांचा आणि एक पाहुण्यांचा. पाहुण्याला इंटरनेट मिळते, पण घरचा संगणक, छापयंत्र, कॅमेरा त्याला दिसत नाही. काही राउटरमध्ये पाहुण्यांच्या वेगाला मर्यादाही घालता येते. राउटरच्या खालच्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीवर त्याच्या सेटिंगचा पत्ता असतो. गावातल्या एखाद्या जाणत्या मुलाला बसवून हे करून घ्यावे. त्याच वेळी राउटरचा मूळ पासवर्डही बदलावा. पाहुण्यांच्या नेटवर्कला निदान बारा अक्षरांचा पासवर्ड द्यावा आणि सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-२ किंवा त्याहून नवा ठेवावा.

आता चौकोन कसा करायचा? अलीकडच्या अँड्रॉइड फोनमध्ये आपण ज्या वायफायला जोडलेले आहोत, त्याच्या सेटिंगमध्ये ‘शेअर’ म्हटले की हा क्यूआर कोड पडद्यावर येतो. मात्र त्या वेळी फोन पाहुण्यांच्या नेटवर्कला जोडलेला हवा. नाहीतर माजघराचीच किल्ली भिंतीवर लागेल! पडद्याचे छायाचित्र घेऊन ते तळहाताएवढे छापून घ्यावे आणि भोवती पांढरी मोकळी कड ठेवावी. फार चकचकीत आवरण नको, उजेड परावर्तित झाला की कॅमेरा गोंधळतो. खाली नाव आणि पासवर्ड ठळक अक्षरांत लिहावा, कारण जुन्या फोनवाल्यांना आणि लॅपटॉपवाल्यांना तो लागतोच. लावण्याआधी दोन वेगळ्या फोनवर तपासून घ्यावे.

हा चौकोन आला कुठून, हेही सांगतो. जपानमध्ये १९९४ साली डेन्सो या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. तीन कोपऱ्यांतल्या ठळक चौकोनांवरून कॅमेऱ्याला कळते, की कोड कुठे आहे आणि कसा फिरलेला आहे. त्यात थोडी माहिती पुन्हा भरून काढण्याची तजवीजही असते. सर्वांत पक्क्या प्रकारात सुमारे तीस टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो. भिलारच्या त्या कागदावर स्ट्रॉबेरीच्या रसाचा एक डाग पडला होता, तरी तो चालत होता. कोपरे मात्र स्वच्छ हवेत. आणि मजा अशी, की वायफायच्या कोडमध्ये नाव, सुरक्षेचा प्रकार आणि पासवर्ड एवढेच लिहिलेले असते. म्हणून तो वाचायला इंटरनेट लागत नाही, रेंज नसलेल्या डोंगरातही काम होते.

पण याच गोष्टीतून सावधगिरीही येते. कोडचे छायाचित्र म्हणजे पासवर्डच. म्हणून तो रस्त्यावरून किंवा फाटकातून दिसेल असा लावू नये. हंगाम संपला की पासवर्ड बदलावा, नवा कोड छापावा, जुना फाडून टाकावा. दुसरे असे, की आज पैसे घेण्याचे कोडही दुकानोदुकानी असतात आणि दिसायला सारे चौकोन सारखेच. वायफायचा कोड गल्ल्यापासून दूर लावावा आणि वर मराठीत ठळक लिहावे, ‘हा पैशांचा नाही’. आपल्या कोडवर कोणी दुसरा कागद चिकटवलेला नाही ना, हेही अधूनमधून बोट फिरवून पाहावे.

आणि तुम्ही स्वतः पाहुणे म्हणून कुठे गेलात तर? वायफायचा खरा कोड फक्त नेटवर्कचे नाव दाखवतो आणि जोडू का, असे विचारतो. तो कोड वाचल्यावर जर बँकेची माहिती किंवा यूपीआयचा पिन मागणारे पान उघडले, तर तिथेच थांबावे आणि घरमालकाला विचारावे.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो, तेव्हा सूनबाई शेतात गेल्या होत्या. खाली वाफ्यांतून त्या भराभर फळे खुडताना दिसत होत्या. त्यांचा फोन एकदाही वाजला नाही. घरात नुकतेच एक कुटुंब आले होते, आणि आजी ओसरीवरूनच त्यांना भिंतीकडे बोट दाखवत होत्या.

“थोरला आता कुठं आहे?” मी आजींना विचारले.

“पुण्याला शिकतोय,” त्या म्हणाल्या. “त्या रातीचा अर्ज पोचला की वेळंवर!”